एका इंजिनाला दोन टर्बो कशासाठी?

इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये हवा किती जाते यावर ठरते. हवा जास्त गेली, तर तिच्या मापाने इंधनही जास्त जाळता येते. टर्बो ही जादा हवा वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर भरतो. धूर एक चाक फिरवतो, त्याच दांडीवर बसवलेले दुसरे चाक बाहेरची हवा ओढून दाबते आणि ती इंटरकूलरमध्ये थंड होऊन आत जाते. दांडी बोटाएवढी, पण मिनिटाला लाखावर फेरे घेणारी.

अडचण येते ती कमी वेगात. भोरहून महाडकडे निघालेली गाडी वरंधा घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरवर येते, इंजिनाचे फेरे हजार-बाराशेवर उतरतात, धुराचा जोर ओसरतो आणि टर्बोचे चाक सुस्तावते. वळण सरल्यावर ॲक्सिलरेटर दाबला, तरी क्षणभर गाडी ओढतच नाही, मग एकदम झेप घेते. हा मधला क्षण म्हणजे टर्बो लॅग. दोन टर्बोंची सगळी उठाठेव बहुतांशी या एका क्षणासाठी असते.

चुलीपाशी बसलेल्या माणसाला हे चटकन कळेल. राखेखालच्या निखाऱ्याला फुंकणी लागते. तिथे सूप हलवले, तर राखच डोळ्यांत जाते. उलट मोठे चुलाण धडधडू लागल्यावर फुंकणीने कितीही फुंकले, तरी ती पुरी पडत नाही, तिथे सूपच हवे. छोटा टर्बो म्हणजे फुंकणी. थोड्या धुरावरही तो लगेच फिरतो, पण इंजिन जोरात पळू लागले की त्याचा दम संपतो. मोठा टर्बो म्हणजे सूप, हवा भरपूर देणारा, पण जागा व्हायला वेळ लावणारा.

दोन टर्बो जोडण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलीत दोन्ही सारख्याच आकाराचे असतात आणि निम्मी निम्मी सिलिंडरे वाटून घेतात. दोन चुली, दोन फुंकण्या. व्ही आकाराच्या इंजिनाला ही रीत सोयीची, कारण दोन्ही बाजूंचा धूर मुळातच वेगळा निघतो. प्रत्येक बाजूला जवळच टर्बो बसवला की नळ्या आखूड राहतात आणि एका मोठ्या चाकाऐवजी दोन हलकी चाके लवकर फिरतात. याचा नमुना पुणे जिल्ह्यातच तयार झाला. मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्यात २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे जुळवली जाऊ लागली. भारतात जुळवलेली ती पहिली एएमजी. तिच्या तीन लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाला दोन टर्बो आहेत. ताकद ३९० अश्वशक्ती, आणि ५२० न्यूटन-मीटरची ओढ २५०० फेऱ्यांपासून ४५०० पर्यंत टिकून राहते.

दुसऱ्या रीतीत एक टर्बो लहान, एक मोठा. इथे एकाच चुलीला फुंकणीही आहे आणि सूपही. मर्सिडीजच्या ई २५० सीडीआयमधले सुमारे २.१ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन असे होते. कमी फेऱ्यांवर धूर आधी लहान टर्बोकडे जातो. फेरे वाढले की एक झडप उघडते, धूर लहान टर्बोला वळसा घालून मोठ्याकडे जाऊ लागतो आणि अखेरीस सगळा भार मोठ्यावर येतो. ५०० न्यूटन-मीटरची ओढ अवघ्या १६०० फेऱ्यांवर मिळते, ताकद २०४ अश्वशक्ती. इंजिन लहान, ताकद जवळजवळ निम्मी, तरी ओढ एएमजीच्या पंगतीला बसणारी आणि तीही आधी येणारी. डिझेलचा तो स्वभावच आहे हे खरे, पण घाटात गाडी उचलण्याचे श्रेय लहान टर्बोलाही द्यावे लागते. या रीतीचा तोटा असा की झडपा आणि नळ्या वाढतात, झडप काजळीने अडकली की दोन्ही टर्बो धड असूनही गाडी मरगळते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण गाडी घेताना नेमकी तीच निसटते. दोन टर्बो म्हणजे दुप्पट ताकद नव्हे. बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये तीन लिटरच्या पेट्रोल इंजिनाला दोन टर्बो दिले, ताकद ३०६ अश्वशक्ती. २००९ मध्ये त्याच्या जागी आलेल्या इंजिनाला टर्बो एकच होता, ताकद तीच ३०६. त्या एका टर्बोत धूर येण्याच्या वाटा दोन केल्या होत्या, म्हणजे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. त्याला ट्विन-स्क्रोल म्हणतात. झाकणावरचे ‘ट्विनपॉवर टर्बो’ हे नाव तर एकच टर्बो असलेल्या तीन सिलिंडरी इंजिनावरही असते. ‘ट्विन’ वाचून खिशात हात घालू नये. पुन्हा तेच: किती टर्बो आहेत यापेक्षा ओढ किती फेऱ्यांवर सुरू होते, ते आधी विचारावे.

हा प्रकार फार जुना नाही. दोन टर्बोंची पहिली विक्रीची मोटार म्हणजे १९८१ ची मासेराटी बिटुर्बो. टर्बोंना पाळी पोर्शे ९५९ ने १९८६ मध्ये लावली, पण लहान-मोठे नव्हे, दोन सारखेच टर्बो घेऊन, एक आधी आणि दुसरा मागून. आता थोडे देखभालीविषयी.

टर्बोची दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. मिस्त्री हवेची नळी काढून चाकाला दोन बोटांनी हलवून पाहतो. चाक आडवे किंचित डुलले तर चालते, दांडीच्या दिशेने मागेपुढे सरकले तर ती झिजली समजावी. नळीत तेल साचलेले दिसले, तर तेही लक्षण चांगले नव्हे. दोन टर्बो असतील तर ही तपासणी दोनदा, आणि दुसरा बहुधा हात पोचणार नाही अशा सांदीत असतो. घाट चढून आल्याआल्या चावी फिरवून इंजिन बंद करू नये. मिनिटभर ते जागेवर चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या दांडीवरचे तेल जळून चिकटत नाही. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे आणि ठरल्या किलोमीटरला बदलावे, टर्बो एक असो वा दोन.