जुनी प्रणाली, नवे यंत्र आणि आपली अक्षरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चंदीगड येथे केलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संगणकासारख्या रूक्ष विषयावर बोलण्याची अनुज्ञा कार्यकारिणीने दिली, याबद्दल मी तिचा आभारी आहे. नव्या लॅपटॉपवर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते काय, आणि येत असल्यास ती बसवावी काय, असा प्रश्न आपल्या मंडळींकडून वारंवार विचारला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. कारभारी बदलला की दप्तराची मांडणी बदलते. आणि जुन्या दप्तरातील कागद नव्या कारभाऱ्याला वाचता येईनासे झाले, की जुन्याला परत बोलवावे असे वाटू लागते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना केवळ जुन्याची हौस असते असे नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांत ज्यांनी संगणकावर मराठी लिहिले, त्यांपैकी पुष्कळांनी श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम अशा आज्ञावल्यांचा आधार घेतला. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना तर तो मोठाच आधार होता. वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी, आईच्या पाककृती, घराण्याची वंशावळ, गणेशोत्सवातील नाटकांच्या संहिता, जुन्या स्मरणिकांची पाने, असे किती तरी लेखन त्या काळच्या फ्लॉपींवर आणि सीडींवर पडून आहे. आज ती फाइल उघडावी तर पडद्यावर रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी दिसतात. मजकूर नष्ट झालेला नाही. तो वाचणारे यंत्र तेवढे उरलेले नाही.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली होती. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. डोळ्यांना मात्र मराठी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्या फॉन्टात अर्थहीन ठरे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ साली मान्य झाले होते. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो आणि तो जगभर सारखाच राहतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तिच्यासोबतच्या ‘मंगल’ या फॉन्टाचे रेखाटन प्राध्यापक र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने केले होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आता नवे यंत्र जुन्या प्रणालीला का नाकारते ते पाहू. विंडोज एक्स्पी २००१ साली आली. त्या वेळचा संगणक सुरू होताना बायोस नावाची लहानशी आज्ञावली जागी होई व डिस्कच्या पहिल्या भागातून प्रणालीला हाक मारी. आजच्या लॅपटॉपमध्ये ती जागा यूईएफआयने घेतली आहे, आणि बहुतेक नव्या यंत्रांत जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोयच काढून टाकलेली आहे. दुसरी अडचण ड्रायव्हरांची. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवण्याचे ज्ञान. ते एक्स्पीजवळ नसल्यास बसवणी चालू असताना एफ-६ ची कळ दाबून फ्लॉपीतून पुरवावे लागे. आज फ्लॉपीही नाही आणि नव्या भागांसाठी एक्स्पीचे ड्रायव्हरही कोणी करीत नाही. २००९ सालच्या विंडोज ७ चीही तीच गत. तिच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. ज्या यंत्रात केवळ नवा यूएसबी आहे, तिथे बसवणी सुरू होते खरी, परंतु यूएसबीला जोडलेला माऊस जागचा हलत नाही आणि ज्या पेनड्राइव्हवरून काम सुरू केले तोच पुढे दिसेनासा होतो. जाणकार माणूस यातून काही वाटा काढतो. तथापि ध्वनी, वाय-फाय आणि पडद्याचे चित्र यांपैकी काही ना काही लंगडे राहतेच.

आणि सर्व जमून आले तरी धोका शिल्लक राहतो. एक्स्पीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. अशा प्रणालीवरून इंटरनेट वापरणे, बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दाराच्या घरात ऐवज ठेवणे होय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर असा हाहाकार केला, की कंपनीला एक्स्पीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. असा अपवाद दर वेळी होईल हे गृहीत धरता येत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की जुन्या प्रणालीला घराचा मालक करू नये. तिला पाहुणी म्हणून एक खोली द्यावी. ही खोली म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात संगणकातला संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारखी विनामूल्य आज्ञावली नव्या लॅपटॉपवर एक जुन्या धर्तीचे यंत्र आभासाने उभे करते. इंटेल वा एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपवर त्यात एक्स्पी सुखाने नांदते, कारण तिला समोर तिच्या ओळखीचेच बायोस आणि तिच्या ओळखीचीच डिस्क दिसते. खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांत ‘एक्स्पी मोड’ या नावाने हाच मार्ग स्वीकारला होता. या खोलीचा नेटवर्कचा दरवाजा मात्र बंद ठेवावा, आणि प्रणालीची प्रत आपल्या हक्काच्या परवान्याची असावी.

काम कोणत्या क्रमाने करावे तेही सांगतो. प्रथम फ्लॉपी वा सीडीवरील मूळ फाइलींच्या दोन प्रती करून ठेवाव्यात आणि मूळ फाइलीला हात लावू नये. मजकूर साध्या वर्डच्या फाइलीत असेल तर बहुधा जुन्या प्रणालीची गरजच पडत नाही; मूळ फॉन्ट आणि त्या फॉन्टासाठीचा युनिकोड परिवर्तक पुरतो. पाने पेजमेकरमध्ये मांडलेली असतील, तर मात्र ती आज्ञावली हवी. तिची शेवटची आवृत्ती २००१ सालची, म्हणून तिथे पाहुणीची खोली कामास येते. मजकूर बाहेर काढून तो युनिकोडमध्ये आणावा, आणि पानाचे मूळ रूप पीडीएफ म्हणून वेगळे जपावे.

परिवर्तनानंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचेही स्थान बदलते. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या परिवर्तकात आपला ‘ळ’, ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र, आणि ‘ॲ’ हे हमखास तपासावेत. हे काम यंत्रावर सोपवण्याजोगे नाही. ज्या घरात ती व्यक्ती वावरली, त्या घरातल्या माणसांनीच ते करावे. आत्याचे नाव आणि गावाचे नाव त्यांनाच ठाऊक असते.

हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. पेशवे दफ्तरातील मोडी कागद एके काळी मूठभर अभ्यासकांपुरते उरले होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले, आणि मोडी न येणाऱ्यालाही इतिहासाचे दार उघडले. मूळ कागद जपले गेले, आणि मजकूर चालत्या लिपीत आला. याच पंजाबातील घुमान गावी नामदेवांचे स्मरण आजही जागते. १९१५ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१५ साली, तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात गुरुमुखीत जतन झाली आहेत. लिपी बदलली म्हणून वाणी परकी झाली नाही. उलट, ती इथल्या माणसांच्या नित्य पठणात राहिली.

तेव्हा जुनी प्रणाली नव्या यंत्रावर बसवण्याचा खटाटोप जरूर करावा. परंतु तो तिथेच मुक्काम करण्यासाठी नव्हे, तर आपले सामान बाहेर काढण्यासाठी. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. सीडी खराब होतात, फॉन्टांच्या डिस्का हरवतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो मजकूर वाचून ‘हे असेच होते’ असे सांगणारी वडीलधारी माणसे कायम आपल्यात असणार नाहीत. मंडळाने या वर्षी एवढा एकच संकल्प करावा: प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक तरी जुनी फाइल युनिकोडमध्ये आणावी, तिची एक प्रत मंडळाकडे द्यावी आणि एक कागदावर छापून घरी ठेवावी. तरुणांनी यंत्र सांभाळावे, वडीलधाऱ्यांनी शुद्धलेखन पाहावे. शतकमहोत्सवाची स्मरणिका काढणाऱ्यांना मग आपला मजकूर शोधण्यासाठी जुने यंत्र हुडकत बसावे लागणार नाही.