खिशातलं प्रवाळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. मी नको म्हटलं. त्या संधी मुलांना आता मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगल्या समजतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन अंदमानला गेलो होतो. तिथं एक प्रसंग घडला आणि तो घडत असताना मला सारखा आपला आठवीचा वर्ग दिसत होता. तेवढंच सांगते. आमच्या विज्ञानाच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे थोडी धाकधूकही आहे.

आपल्याकडचा माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेल बघायला. आम्हीही पहिल्या दिवशी तिथंच गेलो. दुसऱ्या दिवशी जॉली बॉय नावाच्या बेटावर जायचं होतं. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे 2024 साली ज्याचं नाव श्री विजयपुरम झालं त्या गावापासून, वांडूरपर्यंत तासाभराचा रस्ता. वाटेत सिप्पीघाट लागतं. तिथं रस्त्याच्या कडेला पाणीच पाणी. मला वाटलं तळं असेल. ड्रायव्हर म्हणाला, ही भातशेती होती. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीच्या वेळी इथली जमीनच मीटरभर खचली, समुद्राचं पाणी आत आलं ते परत गेलंच नाही. मुलांना तो इतिहास वाटला. मला आपला खारेपाट आठवला. उधाणात बांधाला खांड पडली की पेण-अलिबागकडच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं भात पिकत नाही. माझी आत्या त्याच भागात दिली होती, तिच्या घरी मी ते पाहिलेलं आहे.

वांडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. 1983 साली ते झालं. 15 बेटं आणि भोवतीचा समुद्र मिळून सुमारे 281 चौरस किलोमीटर. त्यातलं जॉली बॉय हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उघडं असतं आणि पावसाळ्याच्या महिन्यांत त्याला विश्रांती देऊन रेड स्किन नावाचं दुसरं बेट उघडतात. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते: वन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी बंद, आणि बेटावर चहाची टपरीसुद्धा नाही. डबा घेऊन जा.

पण तो डबा स्टीलचा हवा. धक्क्यावर वन खात्याची माणसं प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. प्लास्टिक चालत नाही. आमच्याकडची पाण्याची बाटली, बिस्किटाचे पुडे, माझ्या मुलाचा वेफर्सचा फुगलेला पुडा, सगळं काढून ठेवलं. पाण्यासाठी अनामत भरून त्यांचीच बाटली घ्यायची आणि येताना परत द्यायची. आमच्या हापिसात डेटा सेंटरमध्ये शिरताना इतकी कडक तपासणी होत नाही. मुलगा वेफर्ससाठी रुसला, तो बोटीत बसेपर्यंत.

बोट आधी खाडीसारख्या पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना तिवरं, अगदी पाण्यात उतरलेली. फरक एवढाच की या पाण्यात मगरी असतात, आणि धक्क्याजवळ तसे फलकही आहेत. फोनची रेंज धक्का सोडताच गेली. त्या दिवशी आमचं एक रिलीज होतं. पहिली पंधरा मिनिटं मी फोन उंच धरून बसले होते हे कबूल करते. मग मुलगी म्हणाली, "आई, ठेव आता, लोक बघतायत."

मोठी बोट बेटाला लागत नाही. काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरवतात. त्या काचेतून जे दिसतं ते मी वर्णन करायला गेले तर वेळ संपेल. बारशिंग्याच्या शिंगांसारखी प्रवाळं, माणसाच्या मेंदूसारखी गोल प्रवाळं, आणि त्यांना चोचीने खरवडणारे निळे-हिरवे पोपटमासे. होडीवाल्याने छान सांगितलं. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही, ते बारीक बारीक प्राण्यांचं गाव आहे. त्यांच्या अंगात शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. समुद्र फार तापला की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. 2010 च्या उन्हाळ्यात इथं तसं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. काही भाग अजूनही राखाडी, ओसाड दिसतो. मेंदूसारखं गोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाही, म्हणजे आमच्या खालून गेलेलं एखादं माझ्यापेक्षा वयानं मोठं असणार. मुलं होडीत पालथी पडून बघत होती. दोन तास पाण्यात, वाळूत खेळली. डबा खाल्ला. परत निघालो.

बोटीत मुलाच्या चड्डीचा खिसा ओला आणि जड दिसला. हात घातला तर बोटाएवढा प्रवाळाचा पांढरा तुकडा. आठ वर्षांचा मुलगा, तो म्हणाला, "किनाऱ्यावर पडला होता. मेलेला आहे. मी तोडला नाही."

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो बाजूच्यांनी पाहिलं का, हा. दुसरा, पर्समध्ये टाकावा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. हे धक्क्यावरच्या फलकावर मी सकाळीच मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. समुद्रात टाकून द्यावा तर बोट तिवरांच्या गढूळ पाण्यात आलेली, तिथं त्याचं काय काम? आणि मुलगा माझ्याकडे बघत होता. तो तुकड्याकडे बघतच नव्हता.

आता आठवीचा वर्ग. 1993 चा ऑगस्ट. बाईंनी वर्गात निसर्ग कोपरा करायला सांगितला होता. कुणी दगड आणले, कुणी पिसं. मला सगळ्यांपेक्षा भारी काहीतरी हवं होतं. आमच्या शेतातल्या विहिरीवर शिंदीचं झाड होतं, त्याला सुगरणीची घरटी लटकलेली. आकडीनं मी त्यातलं एक ओढून काढलं आणि मोठ्या दिमाखात वर्गात आणलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी घरटं हातात घेतलं, हलवलं नाही, फक्त बोटानं आत चाचपलं. आत दोन पांढरी अंडी होती. एक फुटलेलं.

बाई ओरडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "चल, कुठलं झाड ते दाखव." भर पावसात आम्ही दोघी विहिरीपर्यंत चालत गेलो. बाईंनी सुतळीनं ते घरटं बांधायचा प्रयत्न केला, त्यांची साडी चिखलानं भरली. पक्षी वर कलकलाट करत होते. घरटं नीट लटकेना. अर्ध्या तासाने बाई म्हणाल्या, "आता नाही होणार." परत येताना बाई काही बोलल्या नाहीत आणि मी रडत होते. आम्ही इंजिनियर लोक दिवसातून शंभर वेळा 'अनडू' दाबतो. तो शब्द शिकायच्या आधी मला तो नसतो हे कळलं होतं.

तर बोटीत मी मुलाला शेजारी बसवलं. "मेलेलं आहे ना, मग काय झालं?" हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "तू दुपारभर ज्या वाळूत खेळलास ती पांढरी का होती? ती अशाच तुकड्यांची आणि शिंपल्यांची झालेली आहे. पोपटमासे प्रवाळ खातात आणि वाळू बाहेर टाकतात." हे ऐकून तो हसला, कारण माशाच्या शीवर आपण किल्ला बांधला हे त्याला फार आवडलं. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "पण ते काका मला पकडतील?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मी बरोबर येते. 

धक्क्यावर उतरल्यावर आम्ही वनरक्षकाच्या टेबलाशी गेलो. मी हिंदीत बोलायला लागले तर मुलाने मला थांबवलं आणि तुकडा स्वतः टेबलावर ठेवला. "मैंने लिया था." वनरक्षकाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. टेबलाखालून एक पत्र्याचा ट्रे ओढला. त्यात शिंपले, शंख, प्रवाळाचे तुकडे, भरलेला ट्रे. "ये सब वापस जाएगा," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या माणसाची पिशवी तपासायला लागला. मुलगा त्या ट्रेकडे बराच वेळ बघत होता. गाडीत त्याने विचारलं, "एवढे सगळे लोक पण एकेकच घेऊन आले असतील ना?" त्याला वेफर्सचा पुडा परत मिळाला होता, पण तो त्याने पोर्ट ब्लेअरपर्यंत उघडला नाही.

काल मुलांना घेऊन खांबला आले. ती विहीर आहे, शिंदी नाही. मुलाला घरट्याची गोष्ट सांगितली तर त्याने विचारलं, "मग बाईंनी त्या घरट्याचं काय केलं?" मला सांगता आलं नाही. परत येताना ते बाईंच्याच हातात होतं, एवढंच आठवतं. वर्गात ते कधी दिसलं नाही. बाई, जेवणाच्या पंगतीत मी त्याला तुमच्याशेजारी बसवणार आहे. तो विचारेल.