औषध, ऊन आणि कोड

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात समुपदेशनाचं काम करते. कोड आलेल्या मुलीला घेऊन आई येते, तेव्हा ती 'बरं होईल का?' असं विचारत नाही. 'लग्नाआधी बरं होईल का?' असं विचारते. आज मला बोलायचंय ते या घाईबद्दल, कारण या घाईत मुलींची कातडी भाजते आहे.

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. 'पांढरं कुष्ठ' या नावानं फार नुकसान केलंय. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते, म्हणून डाग पडतात. शिवल्यानं कोड होत नाही.

आता बावची. तिच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. नाईलकाठच्या एका रानटी झाडातही याच जातीचं द्रव्य सापडतं. ते वापरून कोडावर केलेले उपचार कैरोचे डॉ. एल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये जगापुढे मांडले. या द्रव्याचा स्वभाव विलक्षण आहे. अंधारात ते पेशीत नुसतं पडून राहतं. उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचा रेणू पेशीच्या डी.एन.ए.ला घट्ट चिकटतो. त्यानं तिथली उलटलेली प्रतिकारशक्ती दबते, आणि केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी वाढून वर सरकतात. म्हणून रंग परततो तो आधी केसांभोवती, ठिपक्याठिपक्यांनी. ओठांवर, बोटांच्या टोकांवर केसच नाहीत. तिथे रंग येणं फार अवघड. हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे औषध किती लावलं, इतकंच ऊन किती मिनिटं घेतलं यालाही महत्त्व. घरी हे कोण मोजणार? एका आईनं कुणाकडून तरी आणलेलं बावचीचं तेल लावून मुलीला भर दुपारी गच्चीवर तासभर बसवलं. हे भाजणं लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी पुरतं उमटतं. त्वचा ठीक दिसली म्हणून दुसऱ्या दिवशीही बसवलं. मग पाठभर फोड! आणि जिथे जखम होते तिथे नवं कोड उठू शकतं.

शिवाय ऊन फुकट, असं आपण म्हणतो. पुरुष ओट्यावर उघडा बसू शकतो. चाळीतल्या बाईनं मांडीवरच्या डागाला ऊन कुठे द्यायचं? चार खिडक्या तिच्याकडे बघत असतात.

१९९७ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अतिनील 'बी' किरणांच्या अरुंद पट्ट्याचा दिवा वापरला तर सोरालेन लागतच नाही. हा उपचार गरोदरपणीही चालतो. सोरालेनच्या गोळ्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला द्यायच्या नसतात, आणि इतरांनाही गोळी घेतल्या दिवशी किरण अडवणारा चष्मा लावावा लागतो. गोळी देणाऱ्यानं पाळीची तारीख विचारली का, हे आपण जरूर विचारावं. दिव्यासाठी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने यावं लागतं. मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, सासरी सांगायची चोरी. बाई मध्येच सोडते आणि घरचे म्हणतात, 'हिला औषधच लागू पडत नाही.'

कायद्याचंही सांगते. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत होतं. कोड कधीच नव्हतं. तरी नवरे कोडाचं नाव घेऊन बायकोला माहेरी धाडतात, आणि माहेरचेही गप्प बसतात.

मी हल्ली आईला थोडा वेळ बाहेर बसवते आणि मुलीलाच विचारते, तुला उपचार हवेत का? काही जणी हो म्हणतात. एक म्हणाली, 'डाग मला दुखत नाहीत, ताई. मला बी.एड. करायचंय.' तिचे कागद मी उपचारांच्या रांगेतून काढून घेतले. आईची समजूत घालायला तीन बैठका लागल्या.

तुमच्या केंद्रावर बावचीच्या तेलानं भाजलेली मुलगी आली, तर तेलाची बाटलीही बरोबर पाठवा. डॉक्टरांना उपयोग होतो. आता प्रश्न विचारा.