न्यायाधीशांच्या कामाचे मोजमाप



न्याय म्हटला की आपल्याला सर्वोच्च न्यायालय आठवते. परंतु सामान्य माणसाचा न्यायाशी पहिला, आणि पुष्कळदा शेवटचा, संबंध येतो तो तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयात. साक्षीदार तेथे उभा राहतो, पुरावा तेथे नोंदला जातो. पुढचे अपील चालते ते त्याच कागदांवर. म्हणून तेथील न्यायाधीशाचे काम कोण तपासतो आणि कसे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

ही तपासणी सरकारच्या हाती नाही. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग असावी, ही तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत मांडली. आज ती अनुच्छेद ५० मध्ये आहे. अनुच्छेद २३५ ने कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले. दरवर्षी न्यायाधीशाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. त्यात सचोटी, वर्तन, निकालपत्रांचा दर्जा आणि निकाली काढलेली प्रकरणे यांची नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचे वय ६० केले, पण १९९३ साली ५८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सेवेचा आढावा घेण्याची अट घातली.

खरी अडचण आकड्यांची आहे. प्रकरणाच्या प्रकारानुसार गुण, म्हणजे ‘युनिट’, ठरलेले असतात. आकडा हवाच, नाहीतर कामचुकारपणा झाकला जाईल. पण केवळ आकडाच पाहिला, तर सोपी प्रकरणे आधी उरकण्याचा मोह होतो आणि किचकट खटला मागे पडतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असे सांगितले. पण साक्ष द्यायला आलेली शेतमजूर बाई तारीख घेऊन परत गेली, की तिची दिवसभराची मजुरी बुडते. ती पुन्हा येईल का, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? तिची साक्ष शांतपणे ऐकली गेली का, निकालाला कारणे दिली का, हे तपासल्याशिवाय मोजमाप पुरे होत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीशांचे लक्ष्य पाच वर्षांसाठी ठरविले. ते लक्ष्य मुदतीत गाठले गेले नाही. अपुऱ्या मनुष्यबळाचा दोष एका न्यायाधीशाच्या माथी मारता येणार नाही. शिवाय निर्भीड न्यायाधीशाविरुद्ध खोट्या तक्रारी होतात. अशा प्रामाणिक अधिकाऱ्याचे संरक्षण करणे हेही उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईश्वरचंद जैन प्रकरणात बजावले आहे.

मग आपण काय करावे? निकाल विरुद्ध गेला म्हणून न्यायाधीशावर आरोप करू नयेत. त्यासाठी अपील आहे. मात्र वर्तन गैर असेल तर तारीखवार, पुराव्यासह लेखी तक्रार उच्च न्यायालयाकडे करावी. कलम १५ अ ने पीडिताला जामीन व शिक्षेच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावा. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी साक्षीदारासोबत न्यायालयात जाऊन बसावे. खुल्या न्यायालयात जागरूक समाज बसलेला असला, की कोणत्याही गोपनीय अहवालाइतकेच काम होते.

 जयभीम!