मोटर बंद कोण करणार?

ताणतणावावर कुठंही बोललो की भाषण संपताच कुणीतरी गाठतंच : "डॉक्टर, ते कॉर्टिसॉल कमी करायला काय घेऊ?" अहो, ताणाचं हे हार्मोन पार आटलं तर माणूस जगणार नाही! पहाटे ते वाढू लागतं आणि दिवसभराच्या कामाला अंग तयार करतं. कॉर्टिसॉल चढणं हे दुखणं नव्हे. ते वेळेवर न उतरणं, हे दुखणं.

सोसायटीतली पाण्याची मोटर घ्या. सकाळी ती लावावीच लागते, नाहीतर सगळ्यांच्या आंघोळी खोळंबतात. टाकी भरली की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी ओरडतं, "मोटर बंद करा!" मेंदूत असं ओरडणाऱ्यांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस. हो, तोच, आठवणींचा.

याचा माग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकइवन यांनी काढला. १९६८ सालची गोष्ट. मेंदूत हे हार्मोन काम करत असेल तर तळाच्या हायपोथॅलॅमसमध्ये, अशी तेव्हा समजूत. मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढल्या, किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं कॉर्टिसॉलच म्हणा, टोचलं आणि मेंदू तपासला. ते जाऊन बसलं होतं हिप्पोकॅम्पसमध्ये! २०२० साली जाईपर्यंत हा माणूस याच धाग्यामागे होता.

आता टाकी रोजच वाहू लागली तर? पाणी मुरतं वरच्याच मजल्याच्या छतात, म्हणजे ओरडणाऱ्याच्याच घरात. त्याचा आवाज बसतो, मोटर आणखी चालते. प्रयोगात हेच दिसलं. उंदरांना तीन आठवडे रोज काही तास जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड झाल्या. मात्र छळ थांबल्यावर त्या पुन्हा वाढल्या. हे नीट ऐका, कारण घाबरवणारे लोक एवढंच वाक्य गाळतात.

सगळीकडे असं भरून येतं असं मात्र नाही. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाला दिसलं की भीतीशी निगडित अमिग्डालात ताणानं फांद्या उलट वाढतात, आणि विश्रांतीनंतरही त्या टिकून राहतात.

तर पुन्हा तेच. कॉर्टिसॉल शत्रू नाही. मोटर लागते त्याची तक्रार नको, ती बंद होत नाही याची करा. सतत चालून होणाऱ्या झिजेला मॅकइवन यांनी १९९३ साली एलियट स्टेलर यांच्यासह 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' म्हटलं. ही झीज हृदयाची, रक्तवाहिन्यांची, मेंदूची, सगळ्यांचीच. उपाय ते सांगत ते साधेच : पुरेशी झोप, चालणं, चार जिवाभावाची माणसं. काढ्याची बाटली विकत मिळते, म्हणून तुम्ही तीच मागता!

पण सगळा दोष ऐकणाऱ्यावर ढकलू नये. ज्याला दोन पाळ्या कराव्या लागतात, त्याला "झोपा" सांगून काय उपयोग? तेव्हा रात्री अकराला कामाचे निरोप धाडणाऱ्या साहेबांनो, दुसऱ्याच्या घरची मोटर तुम्ही चालू करताय. उद्या सकाळी धाडा.