दादीचा पेसमेकर आणि शिबिराचा फॉर्म

(पालम इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या पालममध्ये गुडघेदुखीचं मोफत शिबिर भरलं होतं. दादीला मीच घेऊन गेलो. पायाखाली विजेची गादी ठेवायची, बटण दाबलं की पोटऱ्या आपोआप आखडतात, सैल होतात. फॉर्म मी भरला : नाव, वय, मोबाईल नंबर. पेसमेकर आहे का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. रांगेत बसून यंत्राचा इंग्रजी कागद चाळला. पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तोवर दादीनं चपला काढल्या होत्या. मी तिला उठवलं. 'चारचौघांत तमाशा केलास,' म्हणून ती दोन दिवस बोलली नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. पेसमेकर सतत हृदयाचा विद्युत संकेत ऐकत असतो. हा संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढा असतो. ठोका वेळेवर आला नाही, तरच पेसमेकर आपला ठोका देतो. स्नायूंच्या यंत्राचा प्रवाह त्याच्या तारेनं पकडला, तर हृदय स्वतःच चालतंय असं समजून तो गप्प बसू शकतो. ज्यांचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालतं, त्यांना चक्कर येईल, शुद्ध हरपेल. छातीत आयसीडी असेल, तर विनाकारण झटका बसू शकतो. छाती, खांदा, मान, पाठ इथं धोका जास्त. पण पायांना लावलं म्हणून बिनधोक, असंही नाही.

काही रुग्णांना हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठोके तपासत असे उपचार दिले गेले आहेत. पण ते दवाखान्यात. शिबिरात किंवा घरी ऑनलाइन मागवलेल्या यंत्रावर नव्हे.

म्हणून पेसमेकरचं कार्ड वडीलधाऱ्यांच्या खिशात ठेवा. फिजिओथेरपीला गेलात की आधी ते दाखवा. यंत्र लावल्यावर चक्कर आली तर ते लगेच बंद करा, पट्ट्या काढा, १०८ ला फोन करा.

दादीला इंग्रजी येत नाही, मला येतं. तरी कागद मी उशिरा वाचला. तुमच्या मोहल्ल्यात असं शिबिर भरलं, तर आयोजकांना आधीच भेटा आणि फॉर्मवर एक ओळ मराठीत आणि उर्दूत छापून घ्या : 'छातीत पेसमेकर किंवा आयसीडी बसवलं आहे का?'