दुभाष्याला संशोधक होऊ द्या

आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करू पाहणाऱ्या तरुणांशी आणि त्यांच्या मार्गदर्शकांशी आज मला बोलायचं आहे.

2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटीच्या वर आहे. माडिया, कोलाम, कातकरी, कोरकू यांच्या आजारांवर प्रबंध लिहिले जातात. पण त्यांच्यातली शिकलेली मुलंमुली या कामात बहुतेक वेळा दुभाषी म्हणूनच राहतात. हे बदलणं मार्गदर्शकाच्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गाईड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठा. सर किंवा मॅडम पाड्यावर सोबत येतात का? मसुदा वेळेवर तपासून देतात का? शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं लागलं? हे नावाचं तर काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवून घ्या, संकोच करू नका. सगळा भार एकाच गाईडवर टाकू नका. संख्याशास्त्र एकाकडून शिका, वस्तीची रीतभात तिथल्या आशाताईंकडून. एमबीबीएसला असाल, तर आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेत छोटासा प्रश्न घेऊन सुरुवात करता येते.

चांगल्या गुरूचं काम कुठवर पोचतं, ते गडचिरोलीत दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांचे विद्यार्थी. परतल्यावर त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं केलं. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटभरातले श्वास मोजावे लागतात, आणि निरक्षर सुइणींना तेवढे आकडे मोजणं जमत नव्हतं. म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया. पुढे 39 गावांत तिथल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. निदान गावातल्या बाईच्या हाती देता येतं, तर संशोधनाचा प्रश्नही तिच्या मुलीच्या हाती देता येईल.

मार्गदर्शकांनो, त्या मुलीला प्रश्नावली छापायच्या आधी बोलवा. “ताप किती तारखेला आला?” यापेक्षा “गेल्या बाजाराच्या आधी की नंतर?” असं विचारा, हे तीच सांगेल. माहितीचं विश्लेषण तिला शिकवा. आठवड्याचा एक तास तिच्यासाठी राखून ठेवा. निष्कर्ष ग्रामसभेत तिलाच, तिच्या भाषेत मांडू द्या. शोधनिबंधात तिचं नाव आभारांच्या परिच्छेदात नको, लेखकांच्या यादीत घाला. आणि पुढच्या प्रस्तावात तिला सहसंशोधक करा. तुमच्या हाताखालून असा एक जरी संशोधक तयार झाला, तरी त्या समाजाला आपले प्रश्न स्वतः मांडणारं हक्काचं माणूस मिळेल.